खिडकीतली दस्ती

आधीच सांगते, मी कुणाच्या थापांना बळी पडणारी बाई नाही. माझं कामच ते आहे. गाड्यांच्या विम्याचे क्लेम मी तपासते. ‘मॅडम, अचानक म्हैस आडवी आली’ असं छातीठोक सांगणाऱ्या माणसाला त्याच्याच बंपरवर लागलेला भिंतीचा रंग मी दाखवून दिलेला आहे. भूत, भानामती, अंगात येणं... असलं कुणी काही सांगायला लागलं की मी विचारते, ‘तेव्हा तुम्ही नक्की कुठं उभे होता?’ बहुतेक गोष्टी तिथंच आटोपतात.

म्हणून न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरात माझं नाव बघून माझ्या ऑफिसातले लोक हसतील. हसू देत. जे घडलं ते मी लिहिणार.

आम्ही मूळचे सिल्लोडचे. मी, नवरा संदीप आणि सासरे. सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात आणि सासूला आत्या. आत्या माझ्या लग्नाआधीच गेल्या, त्यामुळं मामांचं सगळं माझ्याकडं. जुन्या शुगरनं त्यांचे डोळे जवळजवळ गेले होते, उजेड-अंधार तेवढा कळायचा. मग किडन्यांनीही हात टेकले आणि डायलिसिस सुरू झालं. त्यासाठी आठवड्यातून तीनदा सिल्लोडहून छत्रपती संभाजीनगर, गारखेड्यातल्या एका दवाखान्यात. जाताना माणूस बरा असायचा, येताना गाडीच्या मागच्या सीटवर नुसतं गाठोडं.

मामा जिनिंगमध्ये मुकादम होते. आवाज असा की कापसाच्या ढिगाच्या पलीकडं ऐकू जावा. आणि त्यांची एक ख्याती होती — सिल्लोडच्या स्टँडवर एसटी लागायच्या आत त्यांची दस्ती खिडकीतून आत पडलेली असायची. दस्ती म्हणजे खांद्यावरचा मोठा रुमाल. ती सीटवर पडली की जागा धरली. एकदा म्हणे एक फौजदार त्या दस्तीवर बसला, तर मामांनी त्याला उठवून जळगावपर्यंत उभ्यानं नेलं. खरं-खोटं देव जाणे, पण मामांची दस्ती उचलायची कुणाची छाती नव्हती, एवढं गावात कुणीही सांगेल. गंमत म्हणजे मामा स्वतः त्या जागेवर बसायचे नाहीत. जागा आत्यांसाठी असायची, नाहीतर एखाद्या लेकुरवाळीसाठी. हे मात्र दांड्याला धरून उभे.

तर, पावसाळ्याच्या आधी मामांच्या छातीत पाणी झालं आणि त्यांना त्याच दवाखान्यात ॲडमिट केलं. जरा बरं वाटायला लागल्यावर एका सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं.

“कल्पना, एक ऐक. आता डिस्चार्ज झाला की मला घरी ने. पुन्यांदा मी ह्या रस्त्यावर येणार नाय. लई झालं.”

“मग डायलिसिस?”

“बास की आता.”

डायलिसिस बंद म्हणजे काय, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. संदीप भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मी मात्र रडणाऱ्यांतली नाही, मला राग आला. म्हटलं, “रस्ता नको ना? मग रस्ताच काढून टाकते. दवाखान्याजवळ घर घेते भाड्यानं. डिस्चार्ज थेट तिकडंच.”

“घ्ये,” मामा म्हणाले. “मिळंल तव्हा.”

मला वाटलं होतं, दोन फोन करीन आणि घर मिळेल. पण ते क्लासच्या ॲडमिशनचे दिवस होते. बाहेरगावची पोरं, त्यांच्या आया, नव्या कंपन्यांत लागलेले इंजिनीअर — सगळं शहर घर शोधत होतं. भाड्याच्या घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडायचा आणि मी ‘बघायला येऊ का’ टाइप करेपर्यंत खाली ‘गेलं’ म्हणून मेसेज. आमचे एजंट अन्सारभाई मला स्कूटरवरून ओरडून सांगायचे, “मॅडम, सोचते बैठे तो घर गया समझो!” मी सोचत बसत नव्हते हो. मला तळमजला हवा होता, कमोड हवा होता आणि हौद हवा होता, कारण या शहरात नळाला पाणी येण्याचा दिवस म्हणजे सणच.

आणि जिथं हे सगळं जमायचं, तिथं मालक विचारायचे, राहणार कोण? मी खरं सांगायचे. सासरे, डायलिसिसवर आहेत. की झालं, चेहरा बदलायचा. ‘आमचा भाऊ येणार आहे राहायला’, ‘रंगकाम काढायचंय’. एकानं तर स्वच्छच सांगितलं, “ताई, उद्या काही बरं-वाईट झालं तर पुढं घराला गिऱ्हाईक मिळत नाही.” त्याला मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. डिस्चार्ज तोंडावर आला होता. मामा एकदा सिल्लोडच्या घरात शिरले की तिथून पुन्हा उठणार नाहीत, हे मला कळत होतं.

त्या दुपारी मी तशीच डायलिसिसच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसले. मामांच्या हातात सुया, बाजूला मशीन फिरत होतं. उशाशी त्यांची दस्ती घडी घालून ठेवलेली. पांढरी, मरून काठाची. एका कोपऱ्यात ती फाटली होती तिथं मी स्वतः टाके घातले होते, तेही हिरव्या दोऱ्यानं, कारण पांढरा संपला होता. मामांना रंग दिसत नव्हता म्हणून चाललं.

मी त्यांच्यापुढं सगळं ओकून टाकलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, “तू रांगंत उभं राहून जागा मागायली. जागा आशी मिळत नसती, पोरी. आधी दस्ती टाकावी लागती.”

“कुठं टाकू? गारखेड्यात एसटी थांबत नाही मामा.”

ते हसले आणि त्यांचा डोळा लागला. मी जागची हलले नाही. त्यांचा दुसरा हात माझ्या हातात होता. मशीन थांबेपर्यंत मी तिथंच होते, नर्सबाई साक्षीला आहेत.

मशीन थांबलं, मामांना खुर्चीत बसवलं आणि बघते तर दस्ती नाही. चादरी झटकल्या, कॉटखाली वाकून बघितलं, कपड्यांच्या बादलीत हात घातला. सफाईच्या मावशींशी दोन शब्द वाकडेही बोलले. मामांना विचारलं तर म्हणाले, “टाकली.” मला वाटलं, झोपेत खाली टाकली आणि कुणीतरी झाडून नेली. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अन्सारभाईंचा फोन. गारखेड्यातच, दवाखान्यापासून चालत जाण्यासारखं घर. तळमजला, हौद, सगळं. मी अक्षरशः पळत गेले. गेटपाशी आधीच दोन पार्ट्या उभ्या, एक तर बायको-मुलांसकट. घरमालकीण पायरीवर उभी होती. शकूकाकू, रिटायर्ड मुख्याध्यापिका, वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. हातानंच सगळ्यांना परत पाठवत होत्या.

“कुणाला किती वेळा सांगू? घर दिलंय. कालच दिलं.”

दोन्ही पार्ट्या अन्सारभाईंवर चिडून निघून गेल्या. मी नाही गेले. मी म्हटलं, “काकू, ॲडव्हान्स घेतलाय का?”

“नाही.”

“मग दिलं कसं?”

“शब्द दिलाय. सिल्लोडची माणसं आहेत. आजोबा स्वतः येऊन बघून गेले.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सिल्लोडचाच कुणीतरी! आपल्याच गावच्या माणसानं आपल्या नाकाखालून घर पळवलं! मी म्हटलं, “कोण सिल्लोडचे? मी सिल्लोडची आहे. नाव सांगा.”

काकूंनी चष्मा वर करून मला नीट बघितलं. “नाव नाही विचारलं. म्हणाले, माझी सून येईल. गाड्यांचे अपघात तपासते. तोंडानं फटकळ आहे, पण तिला नाही म्हणू नका.” मग थांबून म्हणाल्या, “तूच का ती?”

मी नुसती मान हलवली. हे माझ्या बाबतीत फारसं होत नाही.

काकूंनी पुढच्या खोलीचं दार उघडलं. खोली रिकामी, ताज्या धुतलेल्या फरशीचा वास. आणि खिडकीच्या कट्ट्यावर दस्ती. मरून काठ. मी कोपरा उलगडला. हिरवा दोरा.

“टाकून गेले ते,” काकू सांगत होत्या. “म्हणाले, जागा धरली. मला हसूच आलं, माझे वडील एसटीत अश्शीच टाकायचे. आणि काय गं, माणूस किती सरळ! मला म्हणाले, मी आजारी माणूस हाय बाई. तुमच्या घरात मरंन बी कदाचित. चालंल का? आजवर भाडेकरूंनी मला हजार गोष्टी विचारल्या, पण हे कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, चालेल.”

मी तिथंच कट्ट्याला टेकले आणि रडले. लिहायला लाज कशाची.

पण पाच मिनिटांनी डोळे पुसून मी माझ्या कामाला लागले. काकूंना मोबाइलमधला मामांचा फोटो दाखवला. “हेच,” त्या म्हणाल्या. कधी आले होते? काल दुपारी, चहाच्या वेळी. बिनसाखरेचा चहाही घेतला. चालत आले? हो, ताठ. दिसत होतं त्यांना? “अगं, हौदाचं झाकण उघडून आत वाकून बघितलं त्यांनी!” म्हणजे मी मामांचा हात धरून बसले होते, नेमकी तीच वेळ. संदीप तेव्हा शेंद्र्याला कंपनीत होता, त्याला या घराचा पत्ताही माहीत नव्हता. अन्सारभाईंनाही घर त्या सकाळीच कळलं होतं. समोरच्या घराला कॅमेरा आहे, त्याचं रेकॉर्डिंग मी बघितलं. काकू दार उघडतात, हसतात, मान डोलावतात, आत जाऊन चहा घेऊन येतात. समोर कोण आहे ते गेटवरच्या बोगनवेलीमुळं दिसत नाही. मी ते पुन्हा पुन्हा बघितलं. कप देताना काकूंचा हात दिसतो, घेणारा दिसत नाही.

अन्सारभाई सगळं ऐकून कानाला हात लावून म्हणाले, “मॅडम, मेरेकू कुछ समझ में नै आया. पण घर तो मिल गया ना?”

मामांना डिस्चार्ज झाला आणि आम्ही थेट गारखेड्यात उतरलो. काठी टेकत, माझा खांदा धरून ते आत आले. संदीप त्यांना हात धुवायला मोरीकडं नेत होता, तर मामा मध्येच थांबले आणि पाय मुद्दाम उंच उचलला. “उंबरा उंच हाय, आपटशील,” म्हणाले. आपटला संदीपच.

मी त्यांना समोर बसवून सरळ विचारलं, “मामा, तुम्ही इथं आला होता का?”

“मला दिसतंय व्हय? का एकट्यानं चालाया येतंय?”

“मग दस्ती?”

“जागा मिळाली ना? मग बस की आता. हुभं राहून कशाला इचारायली.”

एवढंच. त्यानंतर कितीदा खोदून विचारलं तरी ते हसायचे आणि चहा मागायचे. पुन्हा ‘बास’ मात्र कधी म्हणाले नाहीत. पुढचा पावसाळा, दिवाळी, संक्रांत... डायलिसिसला आमचा खांदा धरून काठी टेकत जायचे, येताना रिक्षा. संध्याकाळी त्याच खिडकीत बसून नळाच्या पाण्याची वाट बघायचे आणि पाणी आलं की सगळ्या गल्लीला ओरडून सांगायचे. काकूंशी राजकारणावरून भांडायचे. मी घर शोधलं ते एवढ्यासाठीच, आणि ते मला मिळालं. मिळवून कुणी दिलं, हा प्रश्न वेगळा.

उन्हाळा लागला तशी तब्येत उतरायला लागली. एका दुपारी मी कामावरून आले तर मामा खिडकीत, आणि खांदा मोकळा.

“दस्ती कुठंय?”

“टाकली.”

मी ओरडलेच, “परत आणा ती! आत्ताच्या आत्ता आणा!”

मामांनी चाचपडत माझा हात धरला. “आता नाय आणता येत, पोरी. जल्मभर दुसऱ्यासाठी टाकली. ह्या टायमाला माझ्यासाठी टाकली. तुझी आत्या हाय तिथं, ती ध्यान ठिवंल.”

त्याच आठवड्यात ते गेले. घरात, आपल्या कॉटवर, काकूंना सांगितल्याप्रमाणं. काकूंनी घर सोडा म्हटलं नाही, आम्हीही सोडलं नाही.

दस्ती मी शोधली. माझ्या पद्धतीनं शोधली — कपाटं, हौदाच्या मागं, बोगनवेलीच्या खाली, दवाखान्यातसुद्धा. कॅमेरा बघितला, त्या दुपारी आमच्या घरातून ना कुणी बाहेर पडलं, ना खिडकीतून काही पडलं. हे सगळं कसं झालं, ते मला सांगता येत नाही. माझा क्लेम असता तर मी तो पास केला नसता.

पण एका गोष्टीची मला खात्री आहे. मामांना जागा मिळाली असणार. त्यांनी टाकलेली दस्ती आजवर कुणी उचललेली नाही.