वरून पाहिलेली कपबशी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

मला चित्रांचं वेड आहे. भारी चित्रांचं नव्हे. काडेपेटीवरची, बिडीच्या बंडलावरची, रस्त्याकडेच्या भिंतींवर विटून गेलेली. निवडणुकीच्या चिन्हांपुढे तर मी आजही हरखून उभा राहतो. राजूरच्या रस्त्याला एका भिंतीवर जुनं चिन्ह आहे. उमेदवाराचं नाव पार उडालंय, चित्र मात्र तसंच. काय ताकद म्हणायची ही! चार रेघा — आणि अक्षर न येणारा माणूसही सरकार निवडतो. याहून मोठं चित्र कुणी काढलंय का?

हे सगळं मी तेव्हाही लोकांना ऐकवत फिरायचो. तरीही —

पिंपळगाव रेणुकाईची माझी आत्या ग्रामपंचायतीला उभी राहिली. चिन्ह मिळालं कपबशी. भिंत रंगवायचं काम मी हट्टानं मागून घेतलं. सरकारी कागदावरची कपबशी समोरून काढलेली. मला ती फारच बाळबोध वाटली. मी वरून काढली. वर्तुळात वर्तुळ, बाजूला कान. गेरू आणि नीळ, अगदी जुन्या पोस्टरसारखी. पत्रकांवरही तीच. फोटो टाकले, लोकांनी डोक्यावर घेतलं. आत्या म्हणाली, "मला तं काई कळून न्हाई राह्यलं बाबा, पण तू शिकलेला." मी हसलो.

आत्याच्या समोरच शांताबाई राहायची, तिची जन्माची मैत्रीण. कान पार गेलेले, वाचता येत नाही. प्रचाराचा भोंगा तिच्या काय कामाचा? आत्यानं भिंतीकडं बोट दाखवलं, तिनं मान डोलावली. मतदानाला गेली, यंत्रापुढं बराच वेळ उभी राहिली आणि बटण न दाबताच बाहेर आली. खोलीत बसलेल्या आमच्या माणसानं ते पाहिलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं — शांता फिरली. आत्या थोडक्यात पडली.

निकालानंतर शांताबाई सांगायला आली, तर आत्यानं दार लावून घेतलं. मग तिनं मला गाठलं. "पोरा, म्या लई शोधलं. आत्याचं जातं तिथं न्हवतंच. दुसऱ्याचं बटन कसं दाबू? तशीच आले."

जातं! खरंच की — वरून पाहिलेली माझी कपबशी हुबेहूब जात्यासारखी, कानाच्या जागी खुंट्यासकट. आधी मला हसू आलं, मग अंगावर काटा. यंत्रावर इतकी चित्रं, अधिकारी घाई करतोय, आणि ही बाई माझ्या हातची रेघ शोधतेय. माझ्या चित्रावर एवढा विश्वास ना त्याआधी कुणी ठेवला, ना नंतर.

त्याच संध्याकाळी आत्यानं विचारलं, "तुला काई बोल्ली का ती?" मी म्हणालो, "न्हाई." आणि वर — "माणसं बदलतात, आत्या." हे कुणी वदवून घेतलं होतं का माझ्याकडून? कुणीच नाही. चित्राचं कौतुक अजून चालू होतं, त्याला डाग लागू द्यायचा नव्हता. बस.

दोन दारं समोरासमोर, आणि बोलणं बंद. शांताबाई येता-जाता हात करायची, आत्या तोंड फिरवायची. आपलं काय चुकलं, हे त्या बाईला शेवटपर्यंत कळलं नाही.

गेल्या वर्षी शांताबाई गेली. तिला बाहेर काढलं तेव्हा आत्या उंबरठ्यापर्यंत आली, थांबली आणि आत वळली. मी तिच्या शेजारीच उभा होतो. तेव्हाही बोललो नाही.