पुलावर फिरवायचा नळ

आमच्या जीपला दोन टाक्या होत्या. मोठीत रॉकेल आणि बॉनेटखाली बसवलेल्या लहान डब्यात पेट्रोल. लष्कराच्या लिलावातली ही म्हातारी जीप यांनी घेतली, तेव्हा ती निव्वळ पेट्रोलवर चालायची. पुढे पेट्रोल परवडेनासं झालं आणि आमच्या भागातल्या पुष्कळ गाडीवाल्यांनी केलं तेच यांनी केलं. स्टिअरिंगखाली, गुडघ्याजवळ, एक पितळेचा नळ बसवून घेतला. इकडे फिरवला की पेट्रोल, तिकडे फिरवला की रॉकेल.

यांनी म्हणजे माझ्या नवऱ्याने. नाव घ्यायची सवय मला कधी लागली नाही, आता या वयात कशाला लावून घेऊ?

थंड इंजिन रॉकेलवर पेटत नाही. म्हणून पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की रॉकेलवर घ्यायचं. वर्ध्याहून परतताना नालवाडी मागे पडली की नळ रॉकेलवर जायचा. पवनार ओलांडून आमच्या गावच्या नाल्याचा पूल आला की पुन्हा पेट्रोलवर. पुलापासून घरापर्यंत कार्बोरेटरमधलं उरलंसुरलं रॉकेल जळून जायचं आणि त्याच्या जागी पेट्रोल भरायचं. मग सकाळी जीप पहिल्या सेल्फला उठायची. एकदा गाडी बंद झाली की मात्र नळ कितीही फिरवा, आत जे भरलंय तेच राहणार. हे सगळं मला यांनीच शिकवलं होतं, मी कंटाळेपर्यंत. पूल आला की यांचा हात आपोआप गुडघ्याकडे जायचा. आमचं भांडण अगदी रंगात आलेलं असलं तरी तेवढ्यापुरतं थांबायचं आणि पुलापलीकडे पुन्हा सुरू व्हायचं. भांडणात मी काही कमी नव्हते.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. हिवाळ्यातल्या एका सकाळी जीप सुरूच होईना. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, घरघरायचं, पण पकडायचं नाही. यांनी शेजारी राहणाऱ्या धाकट्या भावाला हाक मारली. दोघं भाऊ बॉनेटमध्ये डोकी घालून उभे राहिले.

"करंट पाह्य आधी," हे म्हणाले.

दीरांनी प्लग काढून इंजिनला टेकवला, यांनी सेल्फ मारला. निळी ठिणगी दिसली. मग पेट्रोलची नळी सोडून पाहिली. पेट्रोल येत होतं, नळही पेट्रोलवरच होता.

"दादा, करंट हाये, पेट्रोल हाये, मंग काऊन नाई होऊन राह्यली?"

"तेच तर मले समजून नाई राह्यलं," हे म्हणाले.

मला तेव्हा हसू आलं होतं. हे आणि गाडीतलं समजत नाही म्हणणार! मी चहा घेऊन गेले. ग्लास धरायला हात मोकळा हवा म्हणून यांनी काढलेला प्लग माझ्या हातात दिला. त्या दोघांचे हात सकाळपासून पेट्रोलने माखलेले, वेगळा वास त्यांच्या ध्यानात आला नव्हता. माझी बोटं मात्र तेलकट झाली, आणि तो वास माझ्या रोजच्या ओळखीचा होता. माझ्या स्टोव्हचा वास. हे रॉकेल होतं.

म्हणजे कार्बोरेटर रॉकेलने भरला होता. म्हणजे काल वर्ध्याहून एकटे परतताना यांनी पुलावर नळ फिरवला नव्हता. सकाळी गाडीत बसल्यावर सवयीने फिरवला असेल, पण तोवर उशीर झाला होता.

नवऱ्याची चूक सापडली की एरवी मी सोडत नसे. त्या दिवशी मला दुसरंच आठवलं. आदल्या महिन्यात हे बियाणं आणायला गेले आणि रिकामे परतले होते. एकदा जेवून उठले आणि घटकाभराने पुन्हा पाटावर येऊन बसले होते. त्या वेळी मी चेष्टा केली होती. आता चेष्टा सुचेना.

मी प्लग दीरांच्या नाकाशी धरला. त्यांनी वास घेतला आणि यांच्याकडे पाहिलं.

"दादा, काल पुलावर नळ फिरवला होता ना तुमी?"

"म्हंजे? फिरवलाच!" यांचा आवाज चढला, पण तोंड पडलं. पुलावरचं काही आठवत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला सरळ दिसलं. ते घाबरले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाला घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं. मला ते सोसलं नाही. तोंडाला आलं ते बोलून गेले.

"माह्याच हात लागला असंन जी. सकाळी गाडी झाडून राह्यली होती मी, तवा नळ फिरला असंन."

दीर माझ्याकडे बघतच राहिले. बंद गाडीत नळ फिरला तर काही होत नाही, हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. आता हे हसतील, म्हणतील, बाई, इतकी वर्षं काय शिकवलं तुले? मी वाट पाहत होते. देवा, हसू देत, मला चारचौघांत वेडी म्हणू देत.

हे हसले नाहीत. चेहरा खुलला.

"तरीच! म्हटलं मी कसा विसरीन? गाडीले हात नोको लावत जाऊ वं तू."

कार्बोरेटर रिकामा केला, प्लग पुसून चुलीवर तापवून घेतले आणि जीप सुरू झाली. हे शीळ घालत वर्ध्याला गेले. दीर त्यांच्या शेजारी बसून गेले, न सांगताच. मी आत जाऊन चुलीपुढे रडले. इंजिनाचा बिघाड सापडला होता. यांचाही सापडला होता, आणि त्याला पुसून तापवण्यासारखं काही नव्हतं. डॉक्टरांनी पुढे निराळ्या शब्दांत तेच सांगितलं.

वर्षभराने हे पूल ओलांडून, गावही ओलांडून पुढे गेले. दीरांना सापडले तेव्हा जीप रस्त्याच्या कडेला उभी करून येणाऱ्याजाणाऱ्याला आपलंच गाव कुठे म्हणून विचारत होते. किल्ली काढून घ्यायचा धीर आम्हाला झाला नाही. दीरांनी डेल्कोच्या, म्हणजे प्लगांना करंट वाटून देणाऱ्या डबीच्या, टोपीखालचा रोटर काढून मला दिला. हाताच्या अंगठ्याएवढा तुकडा तो. तो नसला की इंजिन फिरतं, पण प्लगला करंट पोचत नाही. मी तो हळदीच्या डब्यामागे ठेवला.

रोज सकाळी हे सेल्फ मारायचे. इंजिन घरघरायचं, पकडायचं नाही. हे उतरून बॉनेट उघडायचे, प्लग पाहायचे, नळी पाहायचे. डेल्कोची टोपीसुद्धा उघडायचे, रोटरच्या रिकाम्या जागेकडे बघत राहायचे आणि टोपी परत लावायचे. तिथे काय नाही, ते त्यांना आठवायचं नाही. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायचे. डब्याकडे हात जायचा, मागे घ्यायचे. मला माझा, दीरांचा, त्या जीपचा, सगळ्यांचा राग यायचा.

मग बॅटरी उतरली. आम्ही भरून आणली नाही. हे नुसतेच स्टिअरिंगवर हात ठेवून बसायचे.

असंच एकदा मी जेवायला हाक मारायला गेले. हे खाली उतरले, मला वाट दिली, आणि परक्या बाईशी बोलावं तसं खालमानेने म्हणाले,

"बाई, तुमच्या मालकाची हाये का गाडी? चांगली हाये. फकत त्यायले सांगजा, पुलावर याद ठेवून नळ फिरवत जा म्हणा."

"सांगीन जी," मी म्हटलं, आणि त्यांना हाताला धरून जेवायला नेलं.