विकणाऱ्याचा चहा

जुनी गाडी बघायला आला की तो आधी तिच्या बॉनेटवर हाताची मागची बाजू ठेवायचा, ताप बघतात तशी. गरम लागली की माझ्या बाकड्यावर पाय वर घेऊन बसायचा. "नवरीला आंघोळ घालून आणलीय," म्हणायचा. "थंड होऊ दे." मग विकणाऱ्याला कितीही घाई असो, हा हलायचा नाही. थंड गाडी पहिल्या चावीला कशी उठते, धूर निळा सोडते की पांढरा, हे त्याला बघायचं असे. गरम झाल्यावर सगळ्यांच्याच गाड्या गुणी असतात, असं तो म्हणे.

माझं चहाचं दुकान चौलच्या रस्त्याला, नारळाच्या वाडीला लागून. पुढे मोकळी जागा आहे, म्हणून गाड्यांचे सौदे तिथे होत. त्याचं नाव मी लिहीत नाही, त्याच्या मुलीला आवडणार नाही. आम्ही सगळे त्याला भाई म्हणायचो. मी त्याच्यापेक्षा मोठी, मला तो वैनी म्हणायचा. आखातात बरीच वर्षं एका शेखच्या वाळवंटात फिरायच्या गाड्या त्याने सांभाळल्या होत्या. बायको वारली तेव्हा मुलीसाठी परत आला. मुलगी वाढवली, लग्न करून रेवसच्या बाजूला दिली आणि दोन घरं पलीकडे एकटा राहू लागला.

मुंबईच्या लोकांनी इकडे बंगले बांधले, त्यांच्या मागून त्यांच्या गाड्या आल्या. उंच, चारही चाकांनी ओढणाऱ्या, आत सोफ्यासारख्या चामड्याच्या सीटा. नवीन असताना आमच्या माणसांनी लांबून बघावं. जुन्या झाल्या की स्वस्तात निघतात आणि आमची पोरं वेडी होतात. तुमच्या गावातही असेल असा एखादा. चावी बोटात फिरवत येतो आणि पुढच्या महिन्यात त्याची गाडी ताडपत्रीखाली दिसते.

अशा पोरांना तो वाचवायचा. पोरं रंग बघायची, गाणी वाजवून बघायची. हा सीटचा पट्टा पार शेवटपर्यंत ओढून काढायचा. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीची सगळी झाडलोट करतात, पण गुंडाळलेल्या पट्ट्याच्या टोकाला चिखलाची रेघ राहते. एकदा एका दलालाच्या गाडीत ती रेघ निघाली. दलाल म्हणाला, कुणीतरी चहा सांडला असेल. भाई मला म्हणाला, "वैनी, एवढा चहा तुम्ही वर्षभरात केला नसेल."

चावी फिरवली की समोरचे सगळे दिवे एकदा लागून विझले पाहिजेत. एखादा लागलाच नाही, तर तो मुद्दाम काढून ठेवलाय, समजायचं. काही गाड्या स्प्रिंगवर नसतात, हवेच्या फुग्यांवर उभ्या राहतात. अशी गाडी तो रात्रभर माझ्या अंगणात ठेवायला लावी. सकाळी एका बाजूने बसलेली दिसली की सौदा संपला. तिचे भाग बाहेरच्या देशातून येतात आणि येईपर्यंत माणूस म्हातारा होतो, असं सांगायचा. बोलायचा कमी, पण ज्याची गाडी घेऊन झाली त्याच्यापेक्षा जास्त खूश व्हायचा.

त्याचा एक नियम होता. गाडी बघून झाल्याशिवाय विकणाऱ्याचा चहा प्यायचा नाही. माझ्या दुकानात विकणारे माझ्याच हातचा चहा त्याच्यासाठी मागवायचे, तो निवून जायचा. मी बडबडायचे, माझं दूध फुकट जातं. तो म्हणायचा, "घोट पोटात गेला की गाडीखाली हातोडी हळू पडते."

माझा धाकटा मुलगा तेव्हा उरणला कंटेनर ओढणारा ट्रेलर चालवत होता. त्याला ते सोडायचं होतं. किनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यांना मोठ्या गाडीतून फिरवायचं त्याच्या डोक्यात होतं. गाडीही त्यानेच शोधली, नेमकी भाईच्या व्याह्यांची. जावई ती चालवत असे. धाकटा भाईला म्हणाला, घरचीच गाडी, म्हणजे बघायलाही नको, पण या एकदा.

भाई तयार होईना. त्याच्या मुलीला सहावा महिना होता. सातवा लागला की पहिल्या बाळंतपणाला तिला आणायची, तो दिवससुद्धा ठरला होता. घरात बाईमाणूस नाही म्हणून व्याही आढेवेढे घेत होते, तेव्हा मी जाऊन सांगितलं होतं की तिचं सगळं मी करीन. आता तिथे जाऊन गाडीला नाव ठेवायचं म्हणजे मुलीचं येणं पाण्यात. त्याने मला विचारलं, "वैनी, तुम्ही काय म्हणता?"

मी म्हटलं, "माझा पोरगा त्यात माणसं बसवणार हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे गेलो. व्याह्यांचं घर खाडीच्या कडेला. गाडी काळी, आरशासारखी चकचकीत. जावयाला सासऱ्याची रीत माहीत होती, त्याने इंजिन सकाळपासून थंड ठेवलं होतं. भाईने काही हात लावायच्या आत मुलगी पोट सांभाळत बाहेर आली, हातात कपबशी. व्याही खुर्चीत बसून बघत होते. जावई बघत होता. मी पण बघत होते.

"ठेव बेटा ओट्यावर," भाई म्हणाला. "आलोच."

पहिल्या चावीला गाडी उठली. धूर स्वच्छ. दिवे लागले, विझले. पट्टा कोरा निघाला. डोंगर चढायचा छोटा गियर पडला. माझ्या धाकट्याच्या तोंडावर हसू आलं. मग भाई गोणपाट टाकून गाडीखाली शिरला आणि हातोडीने चेसी, म्हणजे खालच्या लोखंडी दांड्या, ठोकायला लागला. टण, टण, टण असा आवाज येत होता. मागच्या बाजूला गेल्यावर तो आवाज बदलला. भिजलेल्या लाकडावर मारल्यासारखा यायला लागला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या सदऱ्यावर गंजाचे पापुद्रे होते, वर ताजा काळा रंग लागलेले.

त्याने जावयाला विचारलं, गाडी पाण्यात घातली होती का. जावई सरळ पोरगा, त्याने लपवलं नाही. उधाणाला होड्या वर ओढायला मागची चाकं पाण्यात घालावी लागतात, सगळेच घालतात. पण प्रत्येक वेळी त्याने गाडी खालून वरून धुतली होती. एकदाही चुकवलं नव्हतं.

"कुठल्या पाण्यानं?"

जावयाने अंगणातली विहीर दाखवली. त्या किनाऱ्याला सगळे याच पाण्याने धुतात, नळाचं पाणी प्यायला पुरत नाही. भाईने बादलीतलं पाणी ओंजळीत घेतलं, तोंडात घोळवलं आणि बाजूला थुंकलं. मचूळ होतं, मीही चाखलं. पोरगा मिठावर मीठ चोळत होता आणि आपण गाडी जपतो असं समजत होता.

भाई त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू नीट ठेवलीस रे. पाणी वाईट." मग माझ्या धाकट्याकडे वळला. "ह्यात माणसं बसवू नको. मागची दांडी गेलीय."

व्याही उठून उभे राहिले. म्हणाले, "सगळ्या गावाच्या गाड्या अशाच फिरतात. आमच्याच दारात येऊन आमचीच खोट काढलीत."

भाईने सदरा झटकला. ओट्यावर बसला. चहावर साय धरली होती. त्याने तो थंडगार चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि कप मुलीच्या हातात दिला. मुलगी म्हणाली, "अब्बा, दुसरा आणू?" व्याही म्हणाले, "आत जा."

माझा धाकटा आमच्याबरोबर घरीही आला नाही. सरळ उरणला गेला. आजही ट्रेलरच चालवतो.

आठवड्याने व्याह्यांचा निरोप आला की बाळंतपण सासरीच होईल. भाईने ऐकून घेतलं. मग घरातली पुढची खोली चुन्याने रंगवायला काढली. मच्छरदाणी आणली, पाळण्याला नवी दोरी बांधली. गाड्या बघायला माणसं येत, त्यांना परत पाठवी. एक दिवस माझ्या बाकड्यावर बसून म्हणाला, "वैनी, त्या दिवशी खोटं बोललो असतो तर?"

मी म्हटलं, "तर माझ्या पोरानं परक्याची पोरं मारली असती. आणि तू चहा गरम प्यायला असतास."

तो हसला. लगेच डोळे पुसले. मी कपबश्या विसळत राहिले, दुसरं काय करणार.

मुलीला आणायचा आधी ठरलेला दिवस आला. व्याह्यांचा नकार आला होता, पण याने दिवस सोडला नाही. सकाळीच बंदरावर जाऊन हा एवढा मोठा जिताडा घेऊन आला. जावई घरी यायचा असला की आमच्याकडे तोच मासा लागतो. मी म्हटलं, एकटा बसून खाणार आहेस का एवढा? म्हणाला, "शिजवून तर ठेवू." मग मीच वाटण वाटलं.

तो आता नाही. गेल्या वर्षी गेला, झोपेतच. नातवाला मांडीवर घेऊन हॉर्न वाजवायला शिकवलं, एवढं त्याला मिळालं. पण मला तो आठवतो तो त्या दुपारचा.

उन्हाच्या वेळेला दारात रिक्षा थांबली. आधी जावई उतरला, मग हात देऊन त्याने मुलीला उतरवलं. पिशवी खोलीत नेऊन ठेवली आणि भाईसमोर येऊन उभा राहिला. "मामू," तो सासऱ्याला म्हणाला, "मी सोता खाली शिरलो. हातोडा मारला, तो आरपार गेला. बाबांना पण ते भोक दाखवलं."

भाईने विचारलं, "हाताला लागलं न्हाय ना?"

जावयाने मान हलवली. भाईने ताटं मांडली. जिताड्याचं डोकं जावयाच्या ताटात वाढलं, मधला तुकडा मुलीला. स्वतः वाढून घ्यायचं विसरला, तसाच समोर बसून राहिला. मी रश्शाचं पातेलं घेऊन उभी होते. माशाचं डोकं खाताना माणसाला बोलता येत नाही, ते त्या दिवशी बरं झालं.