पाड्याने उचललेले तांदूळ

आमचा पाडा चिंचोटीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. पावसाळ्यात शहरातली माणसं मोटारी घेऊन धबधबा बघायला येतात. होळीनंतर यायला हवं त्यांनी. तेव्हा पाड्याची विहीर खरवडली तरी गाळच निघतो. मोठी पाइपलाइन आमच्या अंगणाच्या खालून शहराकडे जाते. रात्री जमिनीला कान लावला तर पाणी ऐकू येतं असं पोरं सांगतात. मी काही कान लावला नाही कधी.

मी दुसरीपर्यंत शिकलो. सही करतो, अंगठा देत नाही. पाड्याचा कारभारी म्हणून बरीच वर्षं माझंच ऐकतात.

आमच्या घरात पाणी सून आणते. हायवेकडे नवीन इमारती झाल्या, त्यांच्या गेटावरच्या वॉचमनच्या नळावरून. सकाळी दोन खेपा, मग ती बोळिंजला चार घरची भांडी करायला जाते, आली की परत एक खेप. मुलगा सेंटरिंगच्या कामावर, कधी पंधरा दिवस घरी नाही. एका वर्षी सुनेच्या पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीण म्हणाली वजन उचलायचं नाही. सुनेने मान हलवली आणि आठव्या दिवशी हंडा उचलला. टाक्यांतून पाणी सुटलं, परत दवाखाना. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच, पाड्यात नळ आला पाहिजे.

त्याच सुमारास महापालिकेला उभा राहणारा एकजण आला. तरुण, हायवेवर बांधकामाच्या सामानाचं दुकान. बरोबर दोन माणसं आणि साड्यांचा गठ्ठा.

मी म्हटलं, "गठ्ठा गाडीत ठेवा. नळ द्या, पाडा देतो."

तो हसला. "बाबा, सगळा पाडा?"

"अख्खा. एक मत बाहेर जायचं नाही."

त्याच्याबरोबरचा एक हळूच दुसऱ्याला म्हणाला, "हे लोक एकगठ्ठाच टाकतात, एकाला पटवला की झालं." मला ऐकू कमी येतं असं लोकांना वाटतं. तो बोलला ते खोटं नव्हतं. इमारतीतल्या माणसाला गटार तुंबलं तर तो फोनवरून तक्रार करतो, आणि येतं कोणीतरी. आमच्याकडे जमिनीचा कागद नाही, अर्ज लिहिणारा नाही. आमचा पाडा एक आहे एवढंच आमच्यापाशी. माझ्या बापाला जमीनदार सांगायचा मताचा शिक्का कुठे मारायचा, आणि बाप मारायचा. मी कळता झालो तेव्हा ठरवलं, सांगायचंच तर पाड्याने पाड्याला सांगायचं.

शब्द द्यायची आमची रीत आहे. गावदेवीपुढे टोपलीत तांदूळ ठेवतात. घरटी एकजण चिमूटभर उचलतो, कशासाठी ते बोलतो आणि देवीपुढे सोडतो. मग तो शब्द त्या घराचा. आमच्यात नाव वाचणारे थोडे, म्हणून मीच म्हटलं, माणसाचं नाव नको, चिन्ह बोला. त्या तरुणाच्या पक्षाचं चिन्ह होतं खाट. सगळ्यांनी तांदूळ उचलून खाट म्हटलं. सकाळची वेळ, पुरुषच होते.

पुढे निवडणूक लांबली. आज होईल, उद्या होईल, वर्ष गेलं, आणखी गेलं. तो तरुण मधल्या काळात दुसऱ्या पक्षात गेला. तारीख लागली तेव्हा परत आला तो नव्या चिन्हाचे कागद घेऊन. पंखा. खाटेवर आता दुसराच कोणी उभा होता, त्याचं तोंडही पाड्याने पाहिलं नव्हतं.

"बाबा, आता पंखा हां. खाट विसरा."

"देवीपुढे खाट बोललोय."

"अहो, पण माणूस मीच ना? नळ मीच देणार ना?"

"तुम्ही बदललात भाऊ. तांदूळ कसे बदलायचे?"

तो बराच वेळ डोकं धरून बसला. मग त्याच्या माणसांनी त्याला उठवलं. जाताना तो म्हणाला, "बाबा, तुम्ही माझं नाही, पाड्याचं नुकसान करताय."

संध्याकाळी सून चुलीपुढे होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, तांदूळ नळासाठी उचलले का खाटेसाठी?"

"शब्द खाटेचा दिला."

"कोनी दिला?"

"घराने."

"मी घरात नाय का? मी त्या सकाळी गेटावर होते. पानी भरायला. आम्ही सगळ्या तिथंच होतो."

मी म्हटलं, पाडा फुटला तर उद्या कुत्रं विचारणार नाही. ती म्हणाली, आता तरी कोण विचारतंय. मग भाकरी तव्यावर टाकत म्हणाली, "तुमच्या बापाला जमीनदार सांगायचा. आम्हांला तुम्ही सांगता."

मी न जेवता उठलो. राग आला होता. राग खरं बोललेल्याचा जास्त येतो, हे आता सांगताना कळतंय. तेव्हा मी बाहेर जाऊन घराघरांत सांगून आलो, खाटच.

मतदान झालं. तो तरुण निवडून आला, इमारतींच्या मतांवर. कोणत्या केंद्रावर कोणाला किती, हे उभं राहणाऱ्यांना नंतर कळतंच.

महिन्याभराने मी त्याच्या ऑफिसात गेलो. चंदनसारला त्याने नवीन ऑफिस काढलं होतं. कोणाच्या दारात मागायला मी जात नाही, पण गेलो. बाकावर बसवलं, चहा दिला, तो मी ठेवून दिला.

तो म्हणाला, "बाबा, तुमच्या केंद्रावर मला बोटांवर मोजण्याइतकी मतं. पण आहेत. मला वाटलं होतं एकही नसेल."

तो पुढे सरकला.

"बायकांची असणार. नावं सांगा. त्यांच्यासाठी नळ देतो."

मला नावं ठाऊक होती. दोन-तिघींनी तर ते लपवलंही नव्हतं, आणि त्यात एक नाव माझ्याच घरातलं. सांगितलं असतं तर काम होतं. पण आमच्या घराने शब्द मोडला, हे माझ्या तोंडाने त्याच्या ऑफिसात बोलायचं? मी म्हटलं, "मत झाकलेलं असतं." आणि उठलो. इतकी वर्षं ज्याने घराघरांत जाऊन चिन्ह सांगितलं, तो हे बोलला. दारातला पोऱ्यासुद्धा हसला.

घरी येऊन सगळं सांगितलं. लपवाछपवी मला जमत नाही. सून म्हणाली, "माझं नाव सांगायचं की."

"आणि बाकीच्यांचं?"

"त्यांचंही. आम्ही काय चोरी केली?"

दुसऱ्या दिवशी तिने भांड्यांच्या कामाला सुट्टी टाकली. सहाजणी मिळून रिक्षाने चंदनसारला गेल्या आणि आपापली नावं सांगून आल्या. मला कोणी विचारलं नाही, बरोबर या असंही म्हटलं नाही.

पावसाच्या आधी पाड्याच्या खालच्या अंगाला एक नळ आला. एक दिवसाआड तासभर चालतो. ज्यांनी मला विचारून खाट दाबली, त्यांच्या बायकाही तिथेच भरतात, त्या सहाजणी कोणाला अडवत नाहीत. काहीजण म्हणतात, कारभाऱ्याने पाडा बांधून ठेवला असता तर घरोघरी नळ आले असते. काहीजण म्हणतात, कारभाऱ्यामुळेच नाही आले. मी दोन्ही ऐकून घेतो. दिलेला शब्द पाळायचा असतो, हे मी अजूनही म्हणतो. फक्त तो कोणाचा होता, तिथे अडतो.

पहिल्या दिवशी पाणी आलं तेव्हा मी लांब उभा होतो. सुनेने हंडा अर्धाच भरला आणि कमरेवर घेतला. मी पुढे होऊन म्हटलं, "दे इकडे."

"ऱ्हाऊ द्या बाबा," ती म्हणाली. "आता लांब नाय."

मी तरी हंडा घेतला. तिने दिला.