लूथर मेबरीचा शनिवारचा खटला

त्या जेलच्या दगडी जिन्याला सुप्रभाबाईंचे गुडघे पार विटले होते. दर शनिवारी वीसेक माणसं मागं घेऊन वर चढायचं, कोठड्या दाखवायच्या, अंधारकोठडीत पोरासोरांना जरा घाबरू द्यायचं, आणि शेवटी फाशीच्या खोलीला लागून असलेल्या लांबट खोलीत सगळ्यांना बाकांवर बसवून लूथर मेबरीचा खटला चालवायचा.

ब्रिस्टलपासून तासाभरावरचं लहानसं गाव. तिथलं जेल बंद पडलं आणि तिकीट लावून लोकांना दाखवायला उघडलं, तेव्हा सुप्रभाबाई, म्हणजे गावच्या इस्पितळातून रिटायर झालेल्या सिस्टर वानखडे, तिथं व्हॉलंटियर गाईड म्हणून लागल्या. घरी नवरा, डॉक्टर मुरलीधर, आणि त्यांच्या हातांना लागलेला कंप. मुलगा क्षितिज ब्रॅकनेलला, दर रविवारी फोनवर त्याचं एकच, "आई, घर विका आणि इकडे शिफ्ट व्हा." शनिवारची सकाळ तेवढी बाईंची स्वतःची होती. तीही आता जड व्हायला लागली होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत इंग्रजांनी हे जेल अमेरिकन फौजेला वापरायला दिलं होतं. आरोपी अमेरिकन, कायदा अमेरिकन, कोर्ट अमेरिकन. फास ओढणारा माणूस तेवढा इंग्लंडचा. फौजेत काळे जवान दहात एक असतील नसतील, फासावर चढले त्यांत मात्र निम्म्याहून जास्त काळेच. लूथर त्यांतला. जॉर्जियाचा, फौजेत ट्रक चालवणारा. पबमागच्या अंधाऱ्या बोळात एक गोरा मिलिटरी पोलीस गोळी लागून मेला. बोळात तिघं काळे जवान होते, त्यांतला लूथर सापडला. कबुलीजबाबावर त्याची सही होती, आणि त्याला वाचता येत नव्हतं. बचावाला दिलेला अधिकारी रसद खात्यातला. लूथरला तो आदल्या दिवशी पहिल्यांदा भेटला. सकाळी बसलेलं कोर्ट, सगळं गोरं, चहाच्या वेळेला उठलंसुद्धा.

एवढं सांगून झालं की बाई म्हणायच्या, "आता तुम्ही कोर्ट. दोषी वाटतो त्यांनी हात वर करा." एक हात वर यायचा नाही. "निर्दोष?" सगळे हात वर. मग माणसं एकमेकांकडं बघून हसायची, कुणी टाळ्या वाजवायचं, आणि सगळी खाली कॅफेत स्कोनचे गोडसर पाव खायला पळायची. दर शनिवारी सुटायचा बिचारा. भिंतीपलीकडं त्याच्या पायाखालची फळी होती तिथंच होती.

"उबग आला आता," नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावता लावता बाई म्हणाल्या. "लोकं येतात, हात वर करतात, अन् चा पिऊन मोकये होतात."

"तं नोको जाऊ. घरी बसून माह्याकडं पाह्य," मुरलीधर म्हणाले. "आता मी पाह्यासारखा नाही रायलो म्हना."

"पह्यले तरी कुठी होते तुमी?"

म्हातारा खुदकन हसला, आणि बटण निसटलं.

त्या शुक्रवारी जेलच्या मॅनेजरचा, जेनिसचा फोन आला. लूथरच्या धाकट्या बहिणीची नात जॉर्जियाहून आली होती. वॉनेटा नाव. उद्याच्या टूरला येणार. वेगळं काही करू नका, तिनंच तसं सांगितलंय, आणि हात वर करण्याचा भाग तेवढा गाळू नका, लोक त्याच्यासाठीच तिकीट काढतात, असं जेनिस म्हणाली.

बाईंना जेवण गेलं नाही. त्याच्या रक्ताच्या माणसापुढं त्याच्यावर मतं घ्यायची? पानसुपारी वाटल्यासारखी?

"मी उद्या ते हातबित काही वर कराले लावत नाही," त्यांनी सांगून टाकलं.

"ते बाई काढून टाकीन ना तुले."

"टाकू द्या. एवीतेवी बसाचंच हाये घरी."

शनिवारी वॉनेटा आली. साठीची, भरल्या अंगाची, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. बाईंनी नुसती मान लववली. अकोल्याकडची रीत त्यांच्या हाडात मुरलेली. ज्याच्या घरी माणूस गेलं त्याला 'या' म्हणायचं नाही, चहापाणी विचारायचं नाही, निघताना 'येते' म्हणायचं नाही. गुपचूप बसायचं, गुपचूप उठायचं. त्याहून मोठा मान कुठला? त्या दिवशी त्यांनी लूथरची हकिगत आवाज खाली घेऊन सांगितली. वॉनेटाच्या तोंडाकडं एकदाही पाहिलं नाही. आणि कोर्ट उठलं तिथं "संपलं" म्हणून दार उघडलं. लोक बावचळले. कुणीतरी कुजबुजलं, मतं घेतात ना इथं? मग एकेक करून खाली गेले.

वॉनेटा बाकावरच बसून होती.

"माझं काही चुकलं का?" तिनं विचारलं. "सगळ्यांना तुम्ही वेलकम म्हणालात. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीत."

बाई पुढं आल्या. "आमच्यात मयताच्या माणसांशी बोलत नाहीत. गप्प राहून मान देतात."

"आमच्या घरातही सगळे गप्पच राहिले," वॉनेटा म्हणाली. "भीतीनं. आजी मरेपर्यंत भावाचं नाव घ्यायची ते दार लावून. त्याचा निकाल रद्द करावा म्हणून वॉशिंग्टनला माझा अर्ज पडून आहे, त्याला ना हो ना नाही. इंटरनेटवर वाचलं की इथं लोक हात वर करून त्याला सोडतात. म्हटलं, खेळ तर खेळ. याच भिंतींत कुणीतरी मोठ्यानं 'निर्दोष' म्हणतंय ना. तेवढं ऐकायला आले मी."

बाई जिन्याकडं वळल्या. कठडा धरून एकेक पायरी खाली उतरल्या. कॅफेत सगळ्यांनी नुकतं कुठं स्कोनला क्रीम फासायला घेतलं होतं.

"चूक माझी झाली," त्या मधोमध उभ्या राहून म्हणाल्या. "वर एक काम राहिलंय. जरा यावं लागेल."

काउंटरमागून जेनिसनं डोळे मोठे केले. निम्म्या लोकांनी आपल्या ताटल्यांकडं पाहिलं आणि बसूनच राहिले. बाकीचे उठले. त्यांत काठी टेकणारा एक म्हातारा शेतकरी होता. बायको त्याला दंडाला धरून जिन्याकडं ओढत होती.

वर सगळे पुन्हा बाकांवर बसले तसं बाईंनी विचारलं, "दोषी?" कुणी हललं नाही. "निर्दोष?" हात वर गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाईंनी स्वतःचाही वर केला. म्हाताऱ्याचे दोन्ही हात मात्र काठीवरच. बायकोनं कोपर मारलं.

"मला नाही ठाऊक," तो म्हणाला. "मी तिथं नव्हतो. एवढ्याशा माहितीवर मी माणूस सोडत नाही अन् लटकवतही नाही."

बायको लाजून भिंतीकडं बघायला लागली. मघाशी आपण वॉनेटाला गप्प राहून दुखवलं, आता लोकांना बोलावून आणून दुखवलं, असं बाईंना वाटलं.

वॉनेटा उठली आणि त्या म्हाताऱ्याशेजारी जाऊन बसली.

"फौजेच्या कायद्यात फाशी द्यायला कोर्टातल्या सगळ्यांचं एकमत लागायचं," ती म्हणाली. "सगळ्यांचं. तुम्ही आत्ता म्हणालात तेवढंच तेव्हा एकानं म्हटलं असतं, तर माझ्या आजीचा भाऊ जिवंत राहिला असता. जेलात का होईना."

म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. तो बाकावर जरा सरकला, तिला ऐसपैस बसता यावं म्हणून. आधी वर गेलेले हात आता मांडीवर कसेही पडले होते. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत.

जिन्याखालून जेनिसचा आवाज आला. दुसरी तुकडी केव्हाची खोळंबली होती.

"थांबू दे त्यांना," सुप्रभाबाई म्हणाल्या आणि गुडघे धरून बाकाच्या टोकाला टेकल्या.