एका दिवसाचा निळा शर्ट

चाकणच्या आमच्या कंपनीत माणूस शर्टावरून ओळखतात. परमनंटचा शर्ट निळा, आम्हा कंत्राटी लोकांचा करडा. मी करड्यातली. पॅकिंगला होते. गिअर पुसायचे, पिशवीत घालायचे, खोक्यात रचायचे. काचेपलीकडे गिअर कापणारी, कॉम्प्युटरवरची सीएनसी मशीन चालायची आणि मला ती चालवायची होती. पॅकिंगमधून सुटायचा दुसरा रस्ताच नव्हता.

म्हणून युनियन कंपनीतच सीएनसीचा क्लास काढणार, त्याला बाहेरच्या एका संस्थेचा निधी मिळणार, असं कळल्यावर सगळ्यांत आधी मी सेक्रेटरींना गाठलं. ते चिंचवडच्या आमच्याच वस्तीतले. दर जयंतीला त्यांचं भाषण असायचं आणि विषय शिक्षणाचाच. मी पुढे बसून टाळ्या वाजवायचे, अगदी मनापासून.

ते म्हणाले, "ताई, किती जण शिकायला तयार आहेत ते निधीवाल्यांना आधी कळवावं लागतं. तुम्ही बायकांना तयार करा, बाकीचं माझ्यावर सोडा."

मी सोडलं. जेवणाच्या सुट्टीत एकेकीच्या मागे लागून पॅकिंगमधल्या सगळ्यांना तयार केलं. एकीच्या तर सासूलाही समजावून आले. निधी मंजूर झाला. पहिल्या दिवशी क्लासला गेलो तर सेक्रेटरी दारातच उभे. "नियम आडवा आला, ताई. निधी फक्त परमनंटसाठी आहे. मी लय भांडलो वर." मीच उलट त्यांची समजूत काढली, जाऊ द्या, तुमचा काय दोष म्हणून. आज ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

क्लास शिफ्ट सुटल्यावर ठेवला होता. पण परमनंटची बसही शिफ्ट सुटल्यावरच निघते, आणि ती चुकवून शिकायला कोण थांबतो? बसची वेळ ठरवताना युनियन होती, क्लासची वेळ ठरवतानाही युनियनच, तरी हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. खुर्च्या रिकाम्या राहिल्या. आम्हाला बस नव्हतीच. आम्ही हायवेला शेअर रिक्षाची वाट बघत उभ्या राहायचो.

मग संस्थेच्या बाई तपासणीला येणार असं कळलं. वर्ग रिकामा दिसला तर पुढचा हप्ता बंद, असा नियम. त्या दिवशी सेक्रेटरी निळ्या शर्टांचा गठ्ठा घेऊन पॅकिंगमध्ये आले. "आजच्या दिवस बसा. युनियनची लाज राखा." मला वाटलं, एकदा खुर्चीत बसलो की पुढे कोण उठवतंय. हावरटासारखा शर्ट घातला. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या, त्या दुमडून घेतल्या.

बाई छान होत्या. शेजारी बसून घरची चौकशी केली, कौतुक केलं. उठता उठता म्हणाल्या, "तुमच्याकडच्या कंत्राटी बायकांनाही आणायला हवं होतं. आमच्या नियमात त्या बसतात, युनियनने फक्त हो म्हणायचं असतं. पण तुमच्या युनियनने कळवलं, कंत्राटी लोकांना शिकण्यात रस नाही."

मी सेक्रेटरींकडे पाहिलं. ते पंख्याकडे बघत होते. ती कंत्राटी बाई मीच, असं अगदी तोंडाशी आलं होतं. पण ठेकेदाराला एक फोन गेला असता तर दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांना गेट बंद. गिळून टाकलं.

बाई गेल्यावर सेक्रेटरींना कँटीनच्या मागे गाठलं. "रस नाही?" एवढंच विचारलं.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही मशीनवर आलात तर परमनंटचा ओव्हरटाइम जातो. युनियनच्या निवडणुकीत मत त्यांना आहे, तुम्हाला नाही. मी तरी काय करू?" घरच्या माणसाशी बोलावं तसं सांगितलं, आणि मला तेच सहन होईना. ठेकेदाराने फसवलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. आमचाच आकडा परमनंटचा म्हणून दाखवून या माणसाने निधी आणला होता आणि आम्हालाच दाराबाहेर ठेवलं होतं.

त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, माफी मागतायत.

"शर्ट द्या," ते म्हणाले. "ज्याचा आहे त्याची उद्या पहिली शिफ्ट आहे."