खालची पट्टी

लातूरच्या चित्रकला महाविद्यालयात पहिल्याच दिवशी मी व्हरांड्यात आडव्या पडलेल्या दगडावर बसून डबा उघडला. दगड सोयीचा होता, मधे जरा खोलगट. दोन घास झाले असतील, तेवढ्यात कानाखाली अशी बसली की हातातली भाकरी अंगणात. समोर जेमतेम माझ्या खांद्याला लागणारी एक बाई उभी. "मढ्याच्या छाताडावर बसून जेवतोस व्हय रे?" उठून पाहिलं, तर खरोखरच भाला खुपसलेला एक गडी तिथे कोरलेला होता. मी ज्याला खोलगट म्हणत होतो, ते त्याचं फाटलेलं पोट होतं.

या वाघमारे मॅडम. कलेचा इतिहास शिकवायच्या, आणि त्यातही जीव वीरगळांवर. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्याचा दगड. खालच्या पट्टीत कापाकापी, मधल्या पट्टीत त्याला उचलून नेणाऱ्या अप्सरा, वरच्या पट्टीत तो पिंडीपुढे हात जोडून. आम्ही पोरं अप्सरा फार मन लावून काढायचो. मॅडम वहीवर टिचकी मारायच्या. "वरच्या पट्टीला भुलू नका. मेला तो खालच्या पट्टीत. आतडी नीट काढ."

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, आणि पाठोपाठ दुष्काळ. नव्या कचेऱ्यांना रस्ते हवे होते, गावांना काम. माळामाळावर बायका खडी फोडत होत्या. एक दिवस निरोप आला: रेणापूरजवळ तळ्याच्या गाळात वीरगळ निघालाय आणि मुकादम तो खडीला लावतोय. मॅडम तशाच एसटीत बसल्या. मला बरोबर घेतलं ते छत्री धरायला.

पोचलो तेव्हा गयाबाई नावाच्या मजूर बाईने हातोडा उचलला होता. मॅडम गेल्या आणि सरळ वीरगळावर बसल्या. मला माझी कानाखालची आठवली.

"उठा बाई," गयाबाई म्हणाली. "दिस मावळायच्या आत माप भरलं न्हाई तर हजेरी जाती. घरी लेकरं हायत."

"तुझं माप मी भरते. ह्याला फोडू नको."

मुकादम हसला. "कालेजातल्या बाया बी आल्या का कामावर? ऊठ गं." मॅडम हलल्या नाहीत. त्याने फावडं उलटं धरलं आणि दांडा हाणला. पहिला खांद्यावर. दुसरा उजव्या मनगटावर. कापसाची वाळली पळाटी मोडावी तसा आवाज झाला. तिसऱ्यासाठी दांडा वर गेला, तेव्हा गयाबाईने बसल्या जागेवरून हातोडा त्याच्या नडगीवर घातला. तो आडवा झाला. बाकीच्या बायकांनी हाताशी होती ती खडी फेकली. डोकं धरून, रक्त गाळत, तो लंगडत पळाला. हे सगळं होईपर्यंत मी छत्री धरून उभा होतो. सावलीही मॅडमवर नव्हती, माझ्यावरच होती.

"मॅडम, दवाखान्यात चला," मी म्हणालो.

"आधी माप."

हात पदराने गळ्यात बांधून त्या डाव्या हाताने खडी फोडायला बसल्या. घाव नेमका दगडाच्या शिरेवर पडत होता. गयाबाई बघतच राहिली. "कुठं शिकलाव?"

"आईनं खडी फोडूनच शिकवलं मला. आमचा बौद्धवाडा सगळा ह्याच कामावर असायचा."

मलाही हातोडा मिळाला. पहिल्याच घावात मी अंगठा ठेचून घेतला आणि मला छत्रीकडे परत पाठवण्यात आलं. माप भरलं तेव्हा दिवस बुडत होता. उशिरामुळे हाड वाकडं जुळलं. पुढे निवृत्तीपर्यंत मॅडमनी फळ्यावर डाव्या हातानेच चित्रं काढली. कोसळणाऱ्या वीराची रेघ थरथरत यायची, आणि तीच खरी वाटायची.

गेल्या महिन्यात मॅडम गेल्या. शोकसभेला मी बायकोला घेऊन नांदेडहून लातूरला गेलो. कुणी त्यांना तपस्विनी म्हटलं, कुणी सरस्वती. मीही दहा मिनिटं बोललो. मॅडमनी वीरगळ वाचवला, इथवर झकास आलो. पुढे हात मोडल्याचं सांगायचं, तर छत्री आठवली. मग त्यांच्या ज्ञानाची तुलना दीपस्तंभाशी करून खाली बसलो. मराठवाड्यात दीपस्तंभ कुणी पाहिलाय?

छत्रीची गोष्ट मी बायकोला कधीच सांगून ठेवली होती. परतीच्या एसटीत लोहा आलं तेव्हा ती खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "छत्रीचं सांगितलं असतंत, तर मॅडमचा हातही सांगता आला असता."